फरशी मोकळी

मोठ्या सिस्टरांना वॉर्डातल्या बायका घाबरत, आणि त्यांचे नवरे त्याहून जास्त. सरकारी रुग्णालयाच्या बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती. दारात उभं राहून त्यांनी "भेटायची वेळ संपली" असं म्हटलं, की खाली जिन्याजवळ बसलेली माणसंसुद्धा उठून चपला शोधायला लागत. पण एखाद्या पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या, की हीच बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत तासन्‌तास उभी राही. मधूनच तिच्या नवऱ्याला दोन शिव्या हासडी, म्हणजे पोरीला तेवढ्यातही हसू फुटे.

वॉर्डात खाटा वीस. सिस्टर नोकरीला लागल्या तेव्हाही वीसच होत्या. मधल्या काळात गावाचं शहर झालं, नदीवर दोन पूल झाले, सरकारी कचेरीला काचेची नवी इमारत झाली, पण वॉर्डाला एकविसावी खाट काही मिळाली नाही. आणि बायका रोज चाळीसच्या वर. कधी एका खाटेवर दोघी, एकीचं डोकं इकडे, दुसरीचं तिकडे, मध्ये दोन बाळं. बाकीच्या जमिनीवर गाद्या टाकून, थेट संडासाच्या दारापर्यंत. कुठल्या गादीचा कोपरा कुठे आहे हे सिस्टरांच्या पायांना पाठ झालं होतं.

वरून कोणी साहेब तपासणीला येणार असला, की वॉर्डात एक हुकूम सुटे, "फरशी मोकळी करा." मग जमिनीवरच्या बायकांना मागच्या धोबीखोलीत नेऊन बसवायचं, गाद्या गच्चीवर टाकायच्या आणि फरशी फिनेलने पुसून काढायची. साहेब फिरून, शेरा लिहून जाई, आणि तासाभरात बायका पुन्हा आपापल्या जागी. ही पद्धत सिस्टरांनी काढली नव्हती. त्यांच्या आधीच्या सिस्टरला एका साहेबाने जाब विचारला होता, बाई जमिनीवर का? जणू खाट तिनेच घरी नेली होती! बिचारीची वेतनवाढ रोखली. तेव्हापासून झाकली मूठ सव्वा लाखाची, हाच वॉर्डाचा कायदा झाला.

वॉर्डाचे डॉक्टर सिस्टरांच्या मुलाच्या वयाचे. आल्यापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता, तीस खाटांचा नवा वॉर्ड. चार वर्षं अर्ज लिहून लिहून त्यांचं अक्षर बिघडलं, असं सिस्टर म्हणायच्या. शेवटी एकदाची समिती यायची ठरली. सरकारकडे पैसा एकाच इमारतीपुरता होता आणि मागणारी रुग्णालयं दोन. जिथे गरज जास्त दिसेल तिथे वॉर्ड बांधायचा, असं ठरलं होतं.

आदल्या दिवशी डॉक्टरांनी सिस्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, उद्या काही म्हणजे काही आवरायचं नाही. आपण कसे राहतो ते त्यांना दिसू दे. तीस खाटांचा प्रश्न आहे."

"बरं सर," सिस्टर म्हणाल्या. आणि त्यांनी ते मनापासूनच म्हटलं होतं.

सकाळी त्या आल्या तेव्हा वॉर्डात त्रेचाळीस बायका होत्या. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. संडासाच्या दाराशी एक पोरगी पडली होती, कालच बाळंत झालेली, टाके ताजे. चादरी संपल्या होत्या म्हणून ती नुसत्या रबरी कापडावर होती आणि बाळ स्वतःच्या शालीत गुंडाळलेलं. कापडावर रक्ताचा डाग होता. सिस्टरांनी असं रोजच पाहिलेलं. पण आज त्यांनी ते परक्याच्या डोळ्यांनी पाहिलं. चकचकीत बुटांची माणसं इथे उभी राहणार, नाकाला रुमाल लावणार आणि विचारणार, हा वॉर्ड कोणाचा? आणि आपण म्हणायचं, माझा. नुसत्या कल्पनेनेच त्यांचे कान तापले.

"मावशी," त्यांनी आयाला हाक मारली, "निदान ही संडासाजवळची तेवढी हलवा."

मावशी घुटमळली. "अहो सिस्टर, पण डॉक्टर काल म्हणाले ना..."

"डॉक्टरांना येऊन चार वर्षं झाली. मी सांगते ते करा. वॉर्ड जरा माणसांचा दिसू दे."

ती एक हलली, तशी तिच्या शेजारची जास्तच केविलवाणी दिसायला लागली. मग तीही. मग तो कोपरा रिकामा, तर हा कोपरा डोळ्यात खुपायला लागला. एकदा फडकं हातात घेतलं की अर्ध्यावर कोणाला थांबता येतं? नऊ वाजता वॉर्डात वीस खाटांवर वीस बायका होत्या, आणि तेवीस बायका धोबीखोलीत मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांवर मांडीत बाळं घेऊन बसल्या होत्या.

समितीच्या प्रमुख एक वयस्कर बाई होत्या. स्वभावाने चांगल्या. त्यांनी वाकून खाटांखाली पाहिलं, एका बाळाच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, खरंच सांगते, माझ्या लेकीला इथे ठेवायला मी मागेपुढे पाहणार नाही." एकोणतीस वर्षांत वरच्या कोणी सिस्टरांना असं म्हटलं नव्हतं. त्यांना भरून आलं. त्या चक्क लाजल्या.

तेवढ्यात डॉक्टर आले, डोक्यावर ऑपरेशनची टोपी तशीच. दारातच थबकले.

"डॉक्टर, तुमच्या अर्जात तर चाळीसच्या वर बायका आहेत," प्रमुख बाई म्हणाल्या. "मी वीस मोजल्या."

डॉक्टरांनी ओल्या फरशीकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे. "सिस्टर, बाकीच्या कुठे आहेत?"

धोबीखोली तीस पावलांवर होती. एक शब्द पुरला असता. पण आत्ताच आपलं कौतुक केलेल्या बाईंपुढे ते दार उघडायचं म्हणजे आपण खोटारड्या ठरायचं. 

"आज... आज कमी आहेत सर," त्या म्हणाल्या.

डॉक्टर काही बोलणार, तोच आतून निरोप आला. ऑपरेशनच्या बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. ते तसेच पळाले. प्रमुख बाई समजूतदारपणे हसल्या. "अर्जात थोडं वाढवून लिहितातच. चालायचंच," म्हणाल्या आणि गेल्या. गाडीपर्यंत सिस्टर सोबत चालत गेल्या. गाडी सुरू होईपर्यंत उभ्या राहिल्या. तेवढ्या वेळातही सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही.

बायका परत आपापल्या जागी आल्या. रबरी कापडावरची ती पोरगी एका हाताने टाके धरून, दुसऱ्या हातात बाळ घेऊन भिंतीच्या आधाराने आली.

"गेले का हो पाहुणे?" तिने हळूच विचारलं. "आम्ही दिसलो असतो तर तुम्हाला ओरडा बसला असता, असं मावशी म्हणाल्या. म्हणून मी याला रडूच दिलं नाही. सारखं अंगाला लावून धरलं."

सिस्टरांनी तिला धरून खाली बसवलं. त्यांना तिच्या डोळ्यांत बघवेना. ज्या बाईची आपल्याला लाज वाटली, ती आपली अब्रू राखायला ओल्या टाक्यांनी गाठोड्यावर बसून राहिली होती. आणि आपण? लाज वाटायला हवी ती ज्यांनी एकोणतीस वर्षं एक खाट दिली नाही त्यांना, आणि ती ओढवून घेतली आपण. अंगावर वागवली आणि वर फिनेलने पुसली.

संध्याकाळी डॉक्टर वॉर्डात आले. ऑपरेशनची बाई वाचली होती.

"धोबीखोलीत होत्या?" त्यांनी विचारलं.

सिस्टरांनी मान हलवली. डॉक्टर तिथेच स्टुलावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "बायकांनी काही खाल्लंय का सकाळपासून?"

सिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी समितीला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. त्रेचाळीस बायका होत्या, तेवीस मी लपवल्या, डॉक्टर खोटं बोलले नव्हते, मी बोलले. पुन्हा या, न सांगता या. पत्र गेलं. तीन महिने उत्तर नाही. नवा वॉर्ड दुसऱ्या रुग्णालयाला मिळाल्याचं मात्र कळलं. तिथेही बायका जमिनीवरच होत्या म्हणे, पण तिथल्या सिस्टरने त्या दाखवल्या.

आणि मग एके दुपारी समितीकडून खरंच टपाल आलं. पत्राचं उत्तर नव्हे, काचेची चौकट. आत सोनेरी अक्षरं: आदर्श वॉर्ड. खाली बारीक अक्षरांत समितीचा शेरा. सोबत आदेश होता, दर्शनी भागात लावावे.

शिपाई खिळा आणि हातोडी घेऊन आला. दाराजवळच्या भिंतीखाली एक बाई गादीवर बाळाला पाजत होती. स्टूल ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो म्हणाला, "ताई, जरा सरका." ती बाळासकट सरकली. चौकट लागली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलंय हो सिस्टर?" तिने कौतुकाने विचारलं.

सिस्टरांना वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी. पण एकदा मारून नेलेली वेळ काय करते ते त्या पाहत होत्या. त्यांनी मोठ्याने वाचलं. "स्वच्छता उत्तम. गर्दी नाही. प्रत्येक बाळंतिणीला स्वतंत्र खाट."

वॉर्डात कोणी हसलं नाही. त्या बाईने खाटांवरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खरोखरच शोधत.

"मग यातली माझी कुठली?" तिने विचारलं.

"तुझी मी घालवली, बाई," सिस्टर म्हणाल्या.

तिला काही कळलं नाही. तिने बाळाला दुसऱ्या कुशीला घेतलं आणि म्हणाली, "तेवढी गादी भिंतीशी लावून द्या ना, पाठ टेकायची आहे." सिस्टर खाली बसल्या आणि त्यांनी गादी भिंतीशी सरकवून दिली.