देवाला सांगितलंस का?

कराडच्या घरातून मी पहिल्यांदा सिंगापूरला निघाले तेव्हा रिक्षा दारात हॉर्न वाजवत होती, बाबा बॅगेचं वजन करून करून दमले होते आणि आईचं एकच चाललं होतं, "देवाला सांगितलंस का?" मी घातलेले बूट पुन्हा काढले, देवघरापुढे "येते" म्हटलं नि पळाले. त्या देवघरात आमच्या कुलदैवतांचे टाक होते. चांदीचे चिमुकले पत्रे, त्यांवर उमटवलेले खंडोबा नि भवानी. आई त्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं वागवायची. भाजी आणायला जातानासुद्धा सांगून जायची.

आता बाबा नाहीत. आईला एकटीला घर झेपत नाही. माझ्या पगारात तिच्यासाठी सिंगापूरचा लाँग टर्म पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, बसत नाही, म्हणून तिनं पुण्याच्या वृद्धाश्रमात जायचं ठरलं. तिनं ते निमूट मान्य केलं. अडलं ते टाकांपाशी.

"मी आणते ना क्लेमेंटीला," मी फोनवर म्हटलं.

"लेकीच्या सासरी आपले टाक चालत नाहीत गं."

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटला ती अजून सासर म्हणते! मी एकुलती एक. भाऊबंदांना विचारलं, तर सगळ्यांना अचानक जागेची अडचण. माझी लेक इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "शोकेसमध्ये ठेव ना आई, सो प्रिटी लाह!" मला राग आला, पण तिनं तरी देव कुठे पाहिलेत? इथल्या म्युझियममध्येच.

त्याच सुमारास ऑफिसनं मला बेल्जियमला पाठवलं. कामातून मोकळी दुपार मिळाली, तेव्हा गावातलं मध्ययुगीन चर्च बघायला गेले. दारात सवयीनं बूट काढू लागले. तिकिटं देणारे आजोबा हसून म्हणाले, "राहू द्या. देव आता इथे नसतो."

आत आधुनिक कलेचं प्रदर्शन होतं. पाडलेल्या घरांची जुनी दारं, चौकटींसकट, उंच दगडी खांबांमध्ये उभी केलेली. कुठल्याही दारातून जा, पलीकडे घर नाही. लोक त्यांतून ये-जा करत फोटो काढत होते. पायाखाली थडग्यांच्या फरश्या, त्यांवरची नावं चालून चालून पुसलेली. फार सुंदर होतं सगळं, आणि मला तिथे उभं राहवेना. बाहेर पडताना मी आजोबांना विचारलं, मग देव गेला कुठे?

"पलीकडच्या गल्लीतल्या चर्चमध्ये. शेवटची प्रार्थना केली आणि मिरवणुकीनं नेलं त्याला."

भाडेकरूनं घर बदलावं तसं ते सांगत होते. मला हसू आलं, आणि मग त्या देवाचा हेवा वाटला. त्याला न्यायला माणसं होती, ठेवायला जागा होती.

गेल्या महिन्यात मी कराडला गेले. आईनं टाक रांगोळीनं लख्ख घासले, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, आणि आम्ही दोघींनी ते संगमावर पाण्यात सोडले. आई रडली नाही. ओला हात पदराला पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी पुण्याला जायची गाडी दारात आली. मी कुलूप हातात घेतलं आणि तोंडातून निघून गेलं, "आई, देवाला सांगितलंस का?"

आई चपला काढून खरंच आत गेली. रिकाम्या देवघरापुढे थोडा वेळ उभी राहून परत आली.

"कुणाला सांगू गं?" म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

तुम्ही जे मागे राहिलात, आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्यांना सांगते: जिथून सांगितल्याशिवाय निघता येत नाही, ते घर. मला आता तसं घर नाही, आणि इराला ते कधी असणारही नाही. क्लेमेंटीच्या फ्लॅटमधून मी रोज सकाळी निघते. दार आपोआप लॉक होतं, आणि मी एमआरटीच्या स्टेशनकडे चालू लागते.