मोप्तीचे सेकूसान

जेवणाच्या सुट्टीत सेकूसान स्टीलच्या टेबलावर ओल्या बोटाने नकाशा काढत. "ही नायजर, ही बानी. दोघी भेटतात तिथे मोप्ती." माली देशातला हा त्यांचा प्रांत. पूर चढला की तिथल्या गावांची बेटं होतात, शेजारच्या गावी जायलाही होडी लागते, हे ते अभिमानाने सांगत. नकाशा पुरा होईपर्यंत एखादी नदी वाळून गेलेली असे.

योकोहामातल्या त्या कारखान्यात आम्ही एकाच पट्ट्यावर जेवणाचे डबे भरत असू. बोलणं दोघांच्याही मोडक्या जपानीत. मी नाशिककडची, माहेरी कांद्याची शेती, हे कळल्यावर ते टाळी देऊन ओरडले, "मग तू डोगोन!" डोगोन लोक तिथे कड्यांच्या आसऱ्याने राहतात, कांदा पिकवतात. सेकूसान बोझो, म्हणजे मासेमार. या दोन जमातींनी एकमेकांची मनसोक्त टिंगल करायची, रागवायचं नाही, आणि अडचणीत मागितलेलं नाकारायचं नाही, अशी तिकडची रीत. त्या दिवसापासून मी 'कांदेखाऊ' झाले आणि ते 'काटेखाऊ'.

पुढे त्या भागात बंदुका आल्या. शेजारी शेजाऱ्याला भिऊ लागला, बाजार ओस पडले, त्यांच्या भावाने होडी बाहेर काढणं सोडलं. आई फोनवर सांगे, "येऊ नकोस." सेकूसान नकाशा काढेनासे झाले. एकदा पट्टा थांबला असताना म्हणाले, "कांदेखाऊ, एक मागतो. इथे मेलो तर मला जाळू देऊ नकोस."

"काहीतरीच काय! तुम्ही मला पोचवून जाल."

ते हसले नाहीत. मी मान डोलावली.

फेब्रुवारीत लॉकरपाशी कोसळले ते उठलेच नाहीत. मॅनेजर दहनाची व्यवस्था बघत होते. "इथे सगळ्यांचं असंच होतं," ते समजुतीने म्हणाले. माझ्या घरीही सगळ्यांचं असंच झालं होतं. वडिलांचं तर मी इथूनच, मोबाइलवर पाहिलं. तरी कमरेत वाकून विनवत राहिले, "दोन दिवस थांबा." मशिदीतल्या लोकांनी धावपळ केली. तीन तासांवर, डोंगरात जागा मिळाली.

दफनाच्या वेळी मी बाजूला उभी राहून फोन धरला होता. पडद्यावर त्यांचा भाऊ. माती लोटून झाल्यावर त्याने फोन आईच्या हाती दिला. ती तिच्या भाषेत बराच वेळ बोलत राहिली. काही विचारत असावी, मध्येच थांबून माझ्याकडे बघायची. मला एक शब्द कळत नव्हता. ती थांबली की मी मराठीतच म्हणायचे, "हो, आई. हो."