सरडेमास्तरांचा देव

सरडेमास्तर वर्गात चालत नसत, तुरुतुरु पळत. दोन्ही हात छातीशी, बोटं वाकडी केलेली, मान पुढे काढलेली, आणि फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत एक फेरी. "हा असा धावायचा!" ते धापा टाकत सांगायचे. "दोन पायांवर. उंची आपल्या कोंबड्याहून थोडी जास्त. पण दात बघाल तर बोबडी वळेल." शाळा तपासायला आलेले साहेब एकदा हे बघून दारातूनच मागे सरले होते.

खापरच्या शाळेत मी गणित शिकवायचो, ते भूगोल. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सरड्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक कुठून तरी त्यांच्या हाती लागलं, आणि माणूस कामातून गेला. त्यातल्या डोंगराएवढ्या प्राण्यांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "पाला खायचा आणि पडून राहायचं, त्यात काय मोठं? हे चिमुकले बघा. रोज शिकार करायची तेव्हा पोट भरायचं." मी म्हणायचो, "मास्तर, तुम्ही तर अंडंसुद्धा खात नाही!" यावर ते खरंच रुसायचे. दोन-दोन दिवस अबोला.

सुट्टीच्या दिवशी डोंगरात दगड बघत हिंडणं हा त्यांचा नाद. संध्याकाळी झोळी भरून यायचे आणि ओट्यावर मांडून बसायचे. घरमालकीण आतून ओरडायची, "मास्तर, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी! दगडले काय पाही ऱ्हायनात?" मास्तरांच्या कानावर ते जाईल तर शपथ.

आणि एका पावसाळ्यानंतर त्यांना तो सापडला. मोलगी गावाच्या पलीकडे एका पाड्याजवळ नाल्याची दरड कोसळली होती. आतल्या खडकात बोटभर जबडा, बारीक मागे वळलेल्या दातांची ओळ, आणि शेजारी एक नखी. मास्तर मला ओढतच घेऊन गेले. खडकावर हात ठेवून ते लहान पोरासारखे रडले. मला गणितापलीकडे काही कळत नाही, पण ते दात बघून माझ्याही अंगावर काटा आला.

खडक हलवता येण्यासारखा नव्हता. जाणकारांनी इथेच येऊन बघायला हवं, तोवर तो टिकायला हवा. मास्तरांनी पाड्याच्या कारभाऱ्याला बोलावलं, हात जोडले. "बाबा, हा फार जुना आहे. तुझ्या-माझ्या आजे-पणज्यांच्याही आधीचा. याला जप. कुणाला हात लावू देऊ नकोस." कारभाऱ्याने विचारलं, "काय खातो हा?" मास्तर आनंदाने म्हणाले, "मांस!"

झालं. पुढच्या खेपेला गेलो तर खडकाला शेंदूर फासलेला, वर पानांचा मांडव, खाली कोंबड्याची पिसं. मास्तर खडकाकडे धावले. "अरे, हे काय केलंत?" कारभारी बुचकळ्यात पडला. "तूच सांगितलं ना मास्तर, जुना आहे, जप म्हणून? मांस खातो म्हणून?" डोंगरात जे जपायचं असतं त्याला शेंदूर लागतो. त्या माणसाने दिलेला शब्द पाळला होता.

मास्तर मुंबईला म्युझियमच्या साहेबांना पत्रांवर पत्रं लिहीत राहिले. इकडे प्रत्येक सणाला तेल-शेंदराचा नवा थर चढत राहिला. आधी नखी गेली, मग दातांची टोकं बुजली. दर खेपेला परत येताना मी चिडायचो, "दटावून सांगा ना त्यांना!" ते म्हणायचे, "काय सांगू? जपू नका म्हणून?"

अखेर साहेब आले. शेंदूर लागण्याआधी मास्तरांनी काढलेली जबड्याची चित्रं त्यांनी चाळली. "चित्र कुणीही काढील. वरचा थर खरवडा, मग बोलू." सगळा पाडा गोळा झाला होता. कारभारी म्हणाला, "मास्तर बोलेल तसं करू. मास्तर, तू सांग. हा देव आहे की नाही?"

पुढेच एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती. पोर तापातून उठलं होतं, नवस फेडायला आली होती. हातातला कोंबडा फडफडत होता. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, साहेबांच्या छिन्नीकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, बोला हो, एक शब्द बोला! मास्तर म्हणाले, "राहू द्या साहेब." साहेबांनी खांदे उडवले आणि ते गेले ते गेलेच. पुन्हा कुणी आलं नाही.

त्यानंतर मास्तर वर्गात पळाले नाहीत. खुर्चीत बसून नद्यांची नावं सांगायचे. पुढे त्यांची धुळ्याकडे बदली झाली. निघण्यापूर्वी आम्ही एकदा पाड्यावर गेलो. मास्तर त्या लाल, गुळगुळीत गोळ्यावरून बराच वेळ बोटं फिरवत राहिले. एकही दात हाताला लागत नव्हता.

कारभारी मात्र हसत उभा होता. त्याने मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. "बघ मास्तर, आता कोणाला दिसतसुद्धा नाही. तू खुशाल जा. कोणी नेणार नाही त्याला."

मास्तर कसेबसे हसले. म्हणाले, "फार चांगला जपलास, बाबा."