काकांनी पाहिलेली झडप

चर्चच्या वैद्यकीय पथकाबरोबर परदेशी सेवेला गेलेल्या वायरमनकाकांचा जन्म पंखे आणि मोटारी दुरुस्त करण्यात गेला होता. तिथल्या शाळेत भरलेल्या दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन बंद पडलं, तेव्हा सुटलेली वायर त्यांनीच जोडली.

"चालतंय का बघू," म्हणत डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच खाटेवर झोपवलं. पडद्यावर काहीतरी उघडझाप करू लागलं.

"हे काय?"

"तुमचं हृदय, काका. ही त्याची झडप."

काका बघतच राहिले. "साठ वर्षं तेलपाणी नाही, एक सुट्टी नाही! कसला कारागीर रे तू, देवा!"

पुढचा पेशंट एक म्हातारेबुवा होते. काकांना त्यांची भाषा येत नव्हती. बुवांची झडप पडद्यावर दिसू लागताच काकांनी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि नुसतं बोट दाखवलं. दोघंही तिची उघडझाप बघत राहिले.