मैनाआत्याच्या डायलवरचा पावणेपाचचा डाग

मैनाआत्या, राहणार करमाड. यंदाच्या पोळ्याच्या करीला, भर दुपारी, तिच्याच ओसरीत बसून, तिनंच केलेला चहा पिऊन एका शिकल्यासवरल्या माणसानं तिला फसवलं.

आधी हे. बाकीचं नंतर. गूढ अनुभवांच्या अशा सदरात लोक सुरुवातीला कुत्रं रडलं, लाईट गेली असलं काहीबाही लिहितात. मी अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीत पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. अन्याय कुणावर झाला ते पहिल्या ओळीत आलं पाहिजे, हीच सवय. आणि असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. अंगात आलेल्या बाईला "ताई, माझ्या पर्समध्ये काय आहे ते सांगा" असं भर जत्रेत विचारलंय मी. त्यामुळं हे लिहिताना मला माझाच राग येतोय...

आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणतो. मामांकडं त्यांच्या वडलांचं सोन्याचं मनगटी घड्याळ होतं, चावीचं. सकाळी धारा काढून झाल्या की धोतराला हात पुसायचे आणि चावी द्यायचे. गेले त्या सकाळीही दिली होती. माणूस गेला, घड्याळ चालू राहिलं. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला थांबलं. आत्यानं पुन्हा चावी दिली नाही. "त्यांची चावी सरली. त्याच्यावर माझी कशाला?" म्हणाली, आणि भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं. कित्येक वर्षं तसंच.

जुन्या काट्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा लेप असायचा. काटे एकाच जागी वर्षानुवर्षं राहिले की खालची डायल भाजल्यासारखी तपकिरी होते. आत्याच्या डायलवर दोन्ही काट्यांची सावली तशीच उमटली होती – पावणेपाचची. हे विज्ञान आहे. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

आता तो माणूस. प्रभाकर सर म्हणू. कोचिंग क्लासवाले, शहरात उस्मानपुऱ्यात बंगला, जुन्या सोन्याच्या घड्याळांचा नाद. खेडोपाडी फिरून घड्याळं शोधतात. या नादातल्या लोकांचा एक कायदा असतो – सोनं कुणाकडंही मिळतं, डायल ओरिजिनल पाहिजे. डागाळलेली, पिवळी पडलेली चालेल, पण पुन्हा रंगवलेली नको. ती म्हणजे भेसळ. सरांकडं मामांच्या घड्याळासारखंच दुसरं घड्याळ होतं, अगदी तेच मॉडेल. फक्त त्याची डायल रंगवलेली होती. आलं लक्षात?

आत्या विकायला तयार होईना. मग सर गोड झाले. "काच तडकलीय मावशी. फुकट बसवून देतो, तुम्ही माझ्या आईसारख्या."

नवरात्राच्या आधी घड्याळ परत आलं. काच नवी. आणि डायल? दुधासारखी पांढरी. काटे टिकटिक पळतायत. वर हे म्हणाले, "मावशी, नवंकोरं करून दिलं बघा!"

आत्याचा फोन आला. "रेशमे, घर माझंच हाय गं. पर आतलं माणूस नेलं कुणी तरी."

दुसऱ्याच दिवशी दोघी उस्मानपुऱ्यात. सकाळची वेळ, खिडकीतून लख्ख ऊन. सरांच्या बायकोनं, काकूंनी, बसवलं. आम्ही कशाला आलोय हे सांगायच्या आत सरांनी मखमलीचा डबा उघडला. या लोकांना दाखवल्याशिवाय राहवत नाही! मधोमध तेच मॉडेल, आणि त्यावर पावणेपाचची सावली. मी लगेच मोबाईलवर फोटो काढला.

"सर, ही डायल आत्याची आहे."

"अगं, असले डाग शेकडो घड्याळांवर असतात. पुरावा काय?"

"पुरावा तुमच्या हातात आहे."

"तू चळवळीतली ना? मग पुराव्यानं बोल. उगं भावनेनं नको."

माझंच वाक्य माझ्या तोंडावर. मी इतकी तापले की आवाज चिरकला. कायदा काढला, पोलीस काढले. सर हसत होते. काकू "चहा घ्या, चहा घ्या" करत होत्या.

आत्यानं पदराची गाठ सोडली, आपलं पांढऱ्या डायलचं घड्याळ काढलं, मुठीत धरलं. आणि पाहुण्याच्या घरी नवरा गप्पांत रमला की बायको जशी हळूच म्हणते, तसं मुठीला म्हणाली,

"चला हो. लोकाच्या घरी किती बसायचं?"

मूठ उघडली. टिकटिक बंद होती. काटे सकाळचीच वेळ दाखवत थांबले होते. आणि त्यांच्या खाली, पांढऱ्या डायलवर, दोन तपकिरी रेघा. पावणेपाच.

मी डब्याकडं पाहिलं. सरांच्या घड्याळाची डायल साफ होती. पिवळसर, जुनी, पण साफ.

पहिल्या बोलल्या त्या काकू. "अगं बाई! अहो, तुमचा डाग कुठं गेला?"

सरांनी डोळ्याला भिंग लावलं. एकदा हे घड्याळ, एकदा ते. मग काय म्हणाले असतील? "मावशी, घड्याळांची अदलाबदल झालीय. तुमच्या हातातलं माझं आहे. हा बघा ना, माझाच डाग!"

मी म्हटलं, "असले डाग शेकडो घड्याळांवर असतात, सर. पुरावा काय?"

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. हसत होत्या की घाबरल्या होत्या, अजून कळलं नाही.

बाहेर रिक्षाला हात करता करता मी आत्याला म्हटलं, तुझी खरी डायल त्याच्याकडंच आहे, आपण सोडायचं नाही.

"ऱ्हाऊ दे. रिकामं ताट हाय ते. चाटत बसू दे त्याला."

तिच्यासाठी विषय संपला. माझ्यासाठी नाही ना! जुन्याच डायलवर रंग मारला असेल आणि तो उडाला असेल, असं वाटून मी आत्याचं घड्याळ उघडून घेतलं. पण रंग कुठंच उडाला नव्हता, डाग त्या रंगाच्या वर उमटला होता. आणि रेडियमला असा डाग पाडायला वर्षं लागतात, मूठभर वेळ नाही. आम्हाला भास झाला म्हणावं, तर तिथं काकूही होत्या. आणि माझ्या मोबाईलमधल्या फोटोत सरांच्या घड्याळावर ती सावली अजून आहे. मी तो फोटो दिवसातून किती वेळा उघडते, विचारू नका. कधीतरी त्यातूनही ती गेलेली असेल, ही धास्ती.

परवा पाचोडच्या बाजारात भाषण होतं. एका आजोबांनी नेहमीचा प्रश्न टाकला – "ताई, तुला कधी काय अनुभव नाय आला व्हय?" दरवेळी मी ठणकावून नाही म्हणते. परवा मी पाणी प्यायले.

स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. तुमच्याकडं असेल तर पाठवा, पण "अतृप्त आत्मा" वगैरे नको. मामा जेवूनखाऊन, पोरीबाळींची लग्नं लावून गेलेले तृप्त गृहस्थ होते. चोरी मात्र झाली, आणि चोर जिवंत आहे, एवढं मला कळतं.

म्हणून ज्यांना हा नाद आहे त्यांना सांगते, विनंती नाही करत. आजच डबा उघडा. ज्या ओरिजिनल डायलवर तुम्ही मिरवता, ती कुणाच्या देवळीतून आली ते आठवा, आणि त्या दारात नेऊन द्या. नेताना चावी देऊ नका. शेवटची चावी कुणाची होती, ते आधी त्या घरात विचारा.