मामा आणि खेळातली म्हातारी

माझा मामा व्हिडिओ गेममधल्या चुका शोधतो. हीच त्याची नोकरी. ऑफिसातही सगळे त्याला मामाच म्हणतात. केस पिकलेला तिथे तो एकटाच.

इतकी वर्षं त्याच्याकडे जपानी रोल-प्लेइंग गेम यायचे. त्यांत नायक तयारच मिळतो. त्याला नाव असतं, आई असते, सोबत जिवाभावाची माणसं असतात. गोष्ट नेईल तिकडे जायचं. लढाईत आपण वार करायचा, मग शत्रूचा वार होईपर्यंत मुकाट थांबायचं. तीच तीच लढाई लढून मामाचे डोळे चुरचुरायचे, पण जीव रमायचा.

ते काम बंद झालं आणि पाश्चात्त्य गेम आला. इथे आपलं नाक, भुवया, जखमेचा व्रणसुद्धा आपणच घडवायचा. मग अख्खं जग पुढ्यात टाकून देतात. कुठेही जा, कुणाचंही काहीही कर. महिनाभर बघू, जमलं तर ठेवू, असं मामाला सांगितलं होतं. महिना सरत आला, तरी मामाला धड एक चूक सापडली नव्हती.

टीमलीड मामाच्या मुलीच्या वयाची. ती खुर्ची ओढून बसली.

“मामा, विहिरीजवळच्या म्हातारीला मारून बघितलंत?”

“कशाला? तिने काय केलंय माझं?”

पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. “मामा गावात पाहुणे म्हणून गेलेत!”

“ती मेली की तिच्याकडची किल्ली गायब होते, गेम तिथेच अडकतो,” टीमलीड म्हणाली. “बाकीच्यांना हे पहिल्याच दिवशी सापडलं.”

“तिने निरोप दिला, मी पोचवला.”

“जपानी गेममध्ये ते ठीक होतं, मामा. तिथे म्हातारीसमोर तलवार उपसलीच जात नाही. इथे जाते. लोक जे जे करतील ते आधी आपण करायचं. आज तिला सगळ्या तऱ्हांनी मारून बघा. नाहीतर वर काय सांगू मी?”

मामाने मान डोलावली. दिवसभर त्याने तिला तलवारीने मारलं, जाळलं, विहिरीत ढकललं. ढकलल्यावर ती पाण्यावर उभीच राहिली. ती नवी चूक निघाली.

संध्याकाळी मामीने दारातच विचारलं, “ठेवतायत का?”

“ठेवतायत.”

“मग तोंड का असं?”

“दमलो. दिवसभर एका म्हातारीला मारत होतो.”

“अगं बाई! आणि घरात झुरळ निघालं की मला हाका मारता!”

मी तेव्हा त्यांच्याकडेच होते. मी हसले. मामा नाही. बूट सोडत म्हणाला, “मारून झाल्यावर गेम पुन्हा सुरू केला की ती आधी विचारते, दमलास का बाळा? पडद्यावर उत्तरं तीन असतात. मी दर वेळी ‘हो’ निवडतो.”

“मग?”

“मग ती आत बोलावते,” तो म्हणाला आणि दुसऱ्या बुटाची गाठ सोडायला वाकला.