शिनोलीचं पातं

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला वारूळवाडीला आली आणि मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जाहीर करून टाकलं की पणतवंडाचा पाळणा तेच करणार. ऐंशी ओलांडलेला सुतार. बशीतला चहा अर्धा शर्टावर सांडतो. पण हातात रंधा धरला की त्यांची थरथर थांबते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माळ्यावरून सागाच्या फळ्या उतरवल्या आणि पहिल्याच फळीवर रंधा अडखळला. मामांनी पातं काढून धारेवर बोट फिरवलं. जुनी पाती लोखंडाची असतात, टोकाला तेवढं पोलाद जोडलेलं. आयुष्यभर धार लावून लावून ते पोलाद संपलं होतं.

"आता निस्तं लोखंड उरलंय," मामा म्हणाले, "माझ्यावानी."

रंधा त्यांनी गोणपाटात गुंडाळला आणि कोपऱ्यात सारला. त्यानंतर ताटावर बसायचे आणि अर्ध्या भाकरीवर उठायचे. पाळण्याचं सोडा, हा माणूसच आता उभा राहणार नाही, अशी मला भीती वाटली. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव. एका पात्यापायी घरात सुतकी तोंडं नकोत, म्हणत मी स्कूटी बाहेर काढली.

नारायणगावात एका दुकानदारानं मला मशीनची पाती दाखवली. दुसऱ्याकडे हातरंध्याचं नवं पातं मिळालं, पण ते पातळ. जुन्या रंध्यात पाचर ठोकूनही ते हलत राहिलं आणि फळीवर नुसत्या लाटा उमटल्या. मामा चिडलेसुद्धा नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी एका फर्निचरवाल्यानं वाट दाखवली. "ताई, आमी प्लायवूड कापतो नि चिकटवतो. रंधा कोण मारतंय आता? शिनोलीला एक जुनं सुतार व्हतं. ते आता न्हाईत, पण मावशी हायेत घरी."

शिनोलीत मावशींनी ओट्यावर पाणी दिलं, मग घरात बोलावलं. रंधा शोधावा लागलाच नाही. देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवला होता, दसऱ्याचं हळदकुंकू अजून अंगावर, शेजारी वाळलेला झेंडू. पातं चांगलं जाड, रुंदीही तीच. पण सुताराच्या घरात मीही दसऱ्याला अवजारं पुजते. पुजलेली वस्तू मागायची कोणत्या तोंडानं? मी यंदाच्या भाताबद्दल विचारलं, चहा घेतला आणि उठले.

"येवढ्या लांबनं भाताचं इचारायला आलीस व्हय गं?" मावशी म्हणाल्या.

मग मात्र सगळं सांगितलं. लेक, पाळणा, गोणपाटात बांधलेला रंधा, न जेवणारे मामा. मावशींनी देव्हाऱ्याखालच्या रंध्याकडे बोट केलं.

"हे गेल्यापास्नं दरसाल पुजते मी त्याला. कुणाला हात लावू दिला न्हाई."

"राहू द्या मावशी."

"ते मी ठरवीन. पातं काढता येतं का तुला?"

येत होतं. रंध्याच्या मागच्या अंगाला हातोडीनं हलकेच ठोकलं की पाचर सैल होते. पात्याबरोबर लाकडाची एक गुंडाळलेली साल बाहेर पडली, मावशींच्या नवऱ्याच्या शेवटच्या कामातली. मावशींनी ती उचलून नाकाशी धरली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. मग रिकामा रंधा पुन्हा फळीवर मांडला.

"पुजायला लाकूड हाय की," त्या म्हणाल्या. "पातं जाऊ दे कामाला."

मी घरी येताच मामांनी दगड भिजवला आणि पात्याला धार लावायला बसले. दुपारी अंगणातून रंध्याचा सर्र सर्र आवाज यायला लागला. जेवताना त्यांनी दुसरी भाकरी मागितली. मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून रडले. आईनंतर मावशींइतके कुणाचे उपकार मी मानले नव्हते.

बारशाला मावशींना मी स्वतः जाऊन घेऊन आले. पाळणा त्यांनी लांबूनच पाहिला आणि दारापाशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. नवरा गेलेली बाई बारशात पाळण्याच्या दोरीला हात लावत नाही. आमच्याकडे ही रीत कुणाला सांगावी लागत नाही.

बायका पाळण्याभोवती जमल्या तसे मामा खुर्चीवरून म्हणाले, "थांबा. पहिला झोका शिनोलीच्या बाई देतील."

"अवं मामा, पर..." कुणीतरी कुजबुजलं.

"पाळणा मी केलाय. झोका कुणी द्यायचा ते बी मीच सांगणार."

बायका पाळण्यापासून बाजूला झाल्या. मावशी जागच्या हलेनात. तेव्हा माझी लेक उठली, दारापर्यंत गेली आणि बाळ त्यांच्या हातात दिलं.

"घ्या आजी. पाळण्यात तुम्हीच ठेवा."